टाय, वेष्टी आणि शिट्टी : चेपॉकच्या जल्लोषाचा पोशाख कसा बदलला?

चेन्नई : टाळ्या, आरोळ्या आणि घोषणा यांची हौस असलेल्यांसाठी बाजारात आता गमतीचे टायही मिळतात. एखाद्यावर भोंगे आणि पताका छापलेल्या असतात, एखाद्यावर ओरडणारे चेहरे. ‘मला दाद द्यायला आवडते’ हे तोंडाने न बोलता गळ्यातूनच सांगण्याची ही सोय आहे. तिच्यातली विसंगती मात्र चटकन लक्षात येते. टाय गळ्याभोवती आवळला जातो. आरोळीला गळा मोकळा लागतो. टाय कार्यालयाचा, समारंभाचा, शिस्तीचा. जल्लोष मैदानाचा, गर्दीचा, घामाचा.

ही विसंगती समजून घ्यायची असेल तर चेन्नईच्या चेपॉक मैदानाइतके योग्य ठिकाण देशात क्वचितच सापडेल. मरीना किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या मैदानाच्या परिसरात टायचा रुबाब मिरवणारी क्लबसंस्कृती शतकाहून अधिक काळ नांदली. इथेच एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे धोतर, नेसल्यामुळे क्लबच्या दारातून परत जावे लागले आणि त्यातून कायदा जन्मला. आणि याच मैदानावर आज पिवळी जर्सी आणि शिट्टी हा जल्लोषाचा गणवेश झाला आहे. जल्लोषाला पोशाख लागतो का, आणि लागलाच तर तो कुणाला आत घेतो व कुणाला बाहेर ठेवतो, हा प्रश्न चेपॉकच्या इतिहासात पुन्हा पुन्हा समोर आला आहे.

सैनिकाच्या रुमालापासून क्लबच्या पट्ट्यांपर्यंत

टायचा पूर्वज युद्धभूमीवरचा आहे. सतराव्या शतकात युरोपातील तीस वर्षांच्या युद्धात फ्रान्सच्या बाजूने लढणारे क्रोएशियाचे भाडोत्री सैनिक गळ्याभोवती रुमाल गुंडाळत. फ्रेंच दरबाराने ती तऱ्हा उचलली आणि ‘क्रोएट’ या नावावरूनच ‘क्रॅव्हॅट’ हा शब्द रूढ झाला. आज आपण पाहतो तो लांब, टोकदार टाय त्यामानाने अलीकडचा. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी कापड तिरके कापून, तीन तुकडे जोडून टाय शिवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिरक्या कापामुळे गाठ मारताना कापड पिळवटत नाही आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होते.

टायला निष्ठेचे चिन्ह बनवण्यात खेळाचा वाटा मोठा होता. ऑक्सफर्डच्या एक्सेटर महाविद्यालयातील नौकानयनपटूंनी १८८० मध्ये टोपीवरची रंगीत फीत काढून गळ्यात बांधली आणि त्यातून महाविद्यालयीन टाय सुरू झाला, असे सांगितले जाते. पुढे पलटणी, शाळा आणि क्लब यांनी आपापले रंग आणि पट्टे ठरवून घेतले. लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचा लाल-पिवळा टाय त्यातील सर्वांत प्रसिद्ध. अंडे आणि बेकन या न्याहारीच्या रंगांवरून तो थट्टेने ओळखला जातो. लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये पुरुषांना कोट आणि टाय घालण्याचा दंडक आहे. त्याच क्लबने महिलांना सभासदत्व देण्याचा निर्णय घेतला तो थेट १९९८ मध्ये, स्थापनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी.

हे तपशील पाहिले की क्लबच्या टायचे काम स्पष्ट होते. तो दोन गोष्टी एकाच वेळी सांगतो : हा आपला आहे, आणि ज्याच्या गळ्यात तो नाही तो आपला नाही. तो विकत घेण्यासाठी पैसे पुरेसे नसतात, सभासदत्व लागते. छापील चित्रांचा गमतीचा टाय याच गांभीर्याची चेष्टा करतो. त्याला कोणताही क्लब नसतो. ज्याला हौस आहे त्याने तो घालावा.

मद्रासचे कापड आणि अमेरिकेची आरोळी

गमतीच्या टायच्या गोष्टीत चेन्नईचाही एक धागा आहे. चौकड्यांचे, सुती, हातमागावरचे ‘मद्रास’ कापड शतकानुशतके या किनाऱ्यावरून जगभर गेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर पोहोचले. वनस्पतीजन्य रंगात रंगवलेले हे कापड धुतले की रंग सोडत असे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या तेव्हा जाहिरातदारांनी दोषालाच गुण ठरवले : दर धुण्यानंतर नवे रूप घेणारे कापड म्हणून ते विकले गेले. या व्यवहारातील भारतीय निर्यातदार होते कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर, ज्यांनी पुढे मुंबईत लीला हॉटेल उभारले. अमेरिकी विद्यापीठांतील तरुणांनी या चौकड्यांचे सदरे, जाकिटे आणि टायही आवडीने वापरले. गंभीर पट्ट्यांच्या टायपेक्षा तो मोकळा, सुट्टीच्या मनःस्थितीचा टाय होता.

संघटित जल्लोषाची परंपराही याच विद्यापीठांतून आली. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने गर्दीसमोर उभे राहून घोषणांचे नेतृत्व केले. तेथून ‘चीअरलीडर’ या भूमिकेची सुरुवात मानली जाते. पहिली काही दशके हे काम पुरुषांचेच होते. मिनेसोटात महिलांचा प्रवेश १९२३ मध्ये झाला. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा भारतीय प्रेक्षकांना चीअरलीडर ही केवळ नृत्य करणारी तरुणी म्हणून भेटली आणि तिच्या कपड्यांवरून महाराष्ट्रातही वाद रंगला. प्रेक्षकांतूनच उभे राहून प्रेक्षकांचा आवाज एकत्र आणणारा माणूस, हा त्या भूमिकेचा मूळ अर्थ त्या वादात हरवून गेला.

मंडप आणि झाडाची सावली

मद्रास क्रिकेट क्लबची स्थापना १८४६ ची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लबने चेपॉकवर बस्तान बसवले. सभासदत्व युरोपियनांपुरते होते. भारतीय खेळाडू या मैदानावर सामना खेळायला येत, पण पॅव्हेलियनमध्ये त्यांना जागा नसे. जेवणाच्या सुट्टीत त्यांना झाडाखाली बसावे लागे. या वागणुकीने दुखावलेल्या मोथावरापू व्यंकट महिपती नायडू तथा बुची बाबू यांनी १८८८ मध्ये मद्रास युनायटेड क्लब उभा केला आणि भारतीय तरुणांना खेळाचे साहित्य, पोशाख आणि सराव मिळवून दिला. भारतीय विरुद्ध युरोपियन असा सामना व्हावा, हे त्यांचे स्वप्न होते. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९१५ पासून पोंगलच्या सुमारास होणारा प्रेसिडेन्सी सामना नियमित सुरू झाला, आणि चेपॉकच्या प्रेक्षकांना ‘आपला’ संघ मिळाला.

महाराष्ट्राच्या वाचकाला यातून आणखी एक चित्र आठवावे. डावखुरे फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू हिंदू संघासाठी गडी बाद करीत, पण ते दलित असल्यामुळे पुण्यात त्यांचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात दिला जाई. मद्रासमध्ये रेषा वंशाची होती, पुण्यात जातीची. दोन्हीकडे मैदानावरील कर्तृत्वाला टाळ्या मिळत होत्या आणि मंडपात जागा मिळत नव्हती. दाद देणे आणि सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा भारतीय क्रिकेटने इतक्या लवकर पाहिला होता.

स्वातंत्र्यानंतर मैदान बदलले. १० फेब्रुवारी १९५२ रोजी विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय चेपॉकवरच मिळवला. इंग्लंडचा एक डाव आणि ८ धावांनी पराभव झाला. विनू मंकड यांनी सामन्यात १२ गडी बाद केले. १९३४ मध्ये इथे पहिली कसोटी झाली तेव्हा प्रतिस्पर्धी इंग्लंडच होता आणि देशावर राज्यही त्यांचेच होते. अठरा वर्षांनी तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी आणि वेगळा निकाल, असा तो दिवस होता. पुढे सुनील गावस्कर यांनी डिसेंबर १९८३ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद २३६ धावा करीत सर डॉन ब्रॅडमन यांचा २९ शतकांचा विक्रम मागे टाकला, तोही इथेच.

चेपॉकने आणखी एक ‘टाय’ पाहिला. सप्टेंबर १९८६ मधील भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी दोन्ही संघांच्या एकूण धावा समान होऊन बरोबरीत सुटली. अनिर्णित सामने कसोटीत नेहमीचे. बरोबरी मात्र कसोटीच्या इतिहासात त्याआधी एकदाच, १९६० मध्ये ब्रिस्बेनला झाली होती. चेपॉकवर डीन जोन्स यांनी उष्म्याने आजारी पडत २१० धावा केल्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच उकाड्यात ग्रेग मॅथ्यूज स्वेटर घालून गोलंदाजी करीत राहिले. शेवटच्या षटकातील पाचव्या चेंडूवर मणिंदर सिंग पायचीत झाले तेव्हा रवी शास्त्री दुसऱ्या टोकाला ४८ धावांवर नाबाद होते. जिंकले कोणीच नाही, आणि तरीही त्या सामन्याची आठवण शहर आजवर जपून आहे.

वेष्टी आणि बंद दार

पोशाखाचा प्रश्न मिटला होता, असे मात्र नाही. ११ जुलै २०१४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन एका पुस्तक प्रकाशनासाठी तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबमध्ये गेले. त्यांनी वेष्टी नेसली होती. क्लबच्या वेशभूषेच्या नियमावर बोट ठेवून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला.

वेष्टी हा तमिळ समाजात घरचा, देवळातला, लग्नाचा आणि राजकारणाचाही पोशाख आहे. राज्याचे मुख्यमंत्री ती नेसून विधानसभेत बसत आले आहेत. तीच नेसलेल्या न्यायमूर्तींना त्यांच्याच राजधानीतील क्लबने दारातून परत पाठवावे, याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. विधानसभेत सर्व पक्षांनी निषेध केला. तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांनी या प्रकाराला वेशभूषेची हुकूमशाही ठरवले आणि महिनाभरातच, ऑगस्ट २०१४ मध्ये, सार्वजनिक ठिकाणच्या प्रवेशावरील पोशाखाचे निर्बंध दूर करणारा कायदा विधानसभेने मंजूर केला.

कायद्याची रचना सोपी आहे. मनोरंजन क्लब, संघटना, न्यास, कंपनी वा संस्था यांना वेष्टी किंवा अन्य भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून कुणालाही सार्वजनिक जागेत प्रवेश नाकारता येत नाही. तसे करणारे नियम वा ठराव निरर्थक ठरतात. उल्लंघन झाल्यास क्लबचा परवाना रद्द होऊ शकतो आणि दोषी व्यक्तीला एक वर्षापर्यंत कैद व २५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

असा अनुभव फक्त चेन्नईचा नव्हता. पंढरपूरला जन्मलेले आणि अनवाणी फिरणारे चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनाही ऐंशीच्या दशकात मुंबईतील विलिंग्डन क्लबने पायात चप्पल नसल्यामुळे प्रवेश नाकारला होता. तेव्हा चर्चा भरपूर झाली, कायदा झाला नाही. चेन्नईत तो झाला, कारण इथे पोशाखाचा संबंध भाषेशी आणि स्वाभिमानाशी फार पूर्वीपासून जोडलेला आहे. ब्रिटिश गेल्यानंतर ६७ वर्षांनी क्लबच्या नियमावलीत उरलेला टाय असा कायद्याने सैल झाला.

शिट्टीची भाषा

क्लबमध्ये नियमावली टिकून होती, पण स्टँडमधल्या प्रेक्षकांनी आपला पोशाख आणि आपला आवाज केव्हाच ठरवून टाकला होता. २००८ मध्ये चेन्नई सुपर किंग्ज संघ आला आणि त्याने ‘विसिल पोडु’, म्हणजे ‘शिट्टी मार’, हे घोषवाक्य घेतले. ते जाहिरात संस्थेने शून्यातून निर्माण केलेले नव्हते. ते तमिळ चित्रपटगृहाच्या पुढच्या रांगांतून आले होते.

तमिळनाडूत मोठ्या नायकाच्या चित्रपटाचा पहिला दिवस, पहिला खेळ हा उत्सव असतो. पडद्यावर नायकाचे नाव झळकले की शिट्ट्या, कागदाचे तुकडे, ढोल आणि फलकांना दुधाचा अभिषेक हे सारे ठरलेले. त्या उत्सवाचा सर्वांत मोठा नायक रजनीकांत, जन्मनाव शिवाजीराव गायकवाड, बंगळूरच्या मराठी कुटुंबातला. तमाशाच्या फडात आणि एकपडदा चित्रपटगृहात शिट्टीची दाद मराठी प्रेक्षकालाही परिचित आहे. तिच्यावर शिष्टाचाराचा डागही तसाच आहे. ‘मुलींनी शिट्टी वाजवू नये’ हे वाक्य कित्येक घरांत आजही ऐकू येते. चेपॉकच्या स्टँडमध्ये आजी, आई आणि नात एकाच वेळी शिट्टी फुंकतात तेव्हा तो डाग त्या संध्याकाळपुरता तरी पुसला जातो.

शिट्टीच का, याचे कारण ध्वनिशास्त्रातही आहे. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यातील आवाजाला सर्वाधिक संवेदनशील असतो. हजारोंच्या गर्दीचा गलका मुख्यतः त्याहून खालच्या कंप्रतेचा असतो. शिट्टीचा सूर या संवेदनशील पट्ट्यात किंवा त्याच्या जवळ येतो, म्हणून एकट्याची शिट्टीही गलक्यातून वेगळी ऐकू येते. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांनी १८८४ मध्ये आत छोटी गोळी असलेली शिट्टी बनवली. गोळी फिरली की हवेचा मार्ग क्षणोक्षणी अडतो आणि सूर थरथरतो; असा थरथरता सूर एकसुरी आवाजापेक्षा अधिक लक्ष वेधतो. तीच रचना आज पिवळ्या प्लास्टिकमध्ये चेपॉकबाहेरच्या पदपथावर मिळते. त्या तालाला संघाच्या पहिल्या हंगामांत चेन्नईचे तालवादक शिवमणी यांच्या ढोलांची साथ होती.

शिट्टीचा टायपेक्षा मोठा गुण म्हणजे तिला सभासदत्व लागत नाही. दोन बोटे पुरतात. जर्सीला पैसे लागतात, पण सभासद म्हणून कुणी शिफारस करावी लागत नाही. तिरुप्पूर हे देशाचे विणलेल्या कपड्यांचे केंद्र याच राज्यात असल्याने साधी पिवळी बनियन-जर्सी कुणाच्याही आवाक्यात येते. अधिकृत बोधचिन्ह असलेली महाग जर्सी आणि पदपथावरची स्वस्त जर्सी दिव्यांच्या उजेडात सारखीच दिसते.

पुण्याला आलेली पिवळी रेल्वे

या जल्लोषाची ताकद महाराष्ट्राने २०१८ मध्ये जवळून पाहिली. दोन वर्षांच्या निलंबनानंतर चेन्नईचा संघ परतला, १० एप्रिलला चेपॉकवर एक सामना झाला आणि त्याच वेळी कावेरी पाणीवाटपाचे आंदोलन तापले. शेतकऱ्यांचे पाणी अडलेले असताना शहराने क्रिकेटचा उत्सव करू नये, अशी आंदोलकांची भूमिका होती. मैदानाबाहेर निदर्शने झाली, सामना चालू असताना मैदानात बूटही भिरकावले गेले. उरलेले सहा ‘घरचे’ सामने पुण्याजवळ गहुंजे येथील मैदानावर हलवण्यात आले.

मग १९ एप्रिलला चेन्नईहून पुण्याकडे ‘विसिल पोडु एक्स्प्रेस’ ही विशेष रेल्वे निघाली. सुमारे एक हजार चाहते पिवळ्या कपड्यांत तिच्यात बसले होते. दुसऱ्या दिवशी राजस्थानविरुद्धच्या सामन्यात शेन वॉटसनने १०६ धावा केल्या आणि चेन्नईने ६४ धावांनी विजय मिळवला. त्या हंगामात गहुंजेच्या स्टँडमध्ये मराठी प्रेक्षकही पिवळ्या रंगात दिसले. पुढे २०२४ मध्ये याच संघाचे कर्णधारपद पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे आले.

मात्र या कथेला दुसरी बाजू आहे. पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेला माणूस आणि सामन्यासाठी रेल्वेत बसलेला माणूस एकाच राज्याचे होते. आनंद साजरा करण्याची वेळ कोणती, यावर त्यांचे एकमत नव्हते. जल्लोष हा निरागस असतो, पण तो रिकाम्या पोकळीत होत नाही, याची आठवण त्या एप्रिलने करून दिली.

रंग सर्वांना, जागा कुणाला?

पिवळ्या रंगाने दार उघडले, तरी नव्या रेषा आखल्या गेल्याच. २०११ च्या विश्वचषकासाठी चेपॉकची पुनर्बांधणी झाली. त्यानंतर इमारत परवानगीच्या वादात आय, जे आणि के हे तीन स्टँड अनेक वर्षे कुलूपबंद राहिले. सुमारे १२ हजार आसने सामन्यागणिक रिकामी दिसत. वादाच्या मुळाशी या स्टँडलगतचे मद्रास क्रिकेट क्लबचे बांधकाम होते. याच तीन स्टँडना परवानगी न मिळाल्याने २०१९ चा लीगचा अंतिम सामना चेन्नईऐवजी हैदराबादला गेला. बांधकामाचा अडथळा दूर झाल्यावर ते खुले झाले. क्लबची भिंत आणि सामान्य प्रेक्षकाची खुर्ची यांच्यातला जुना तंटा एकविसाव्या शतकात नकाशाच्या आणि परवान्याच्या भाषेत पुन्हा उभा राहिला होता.

दुसरी रेषा अधिक सूक्ष्म आहे. जर्सीचा रंग एका कंपनीच्या मालकीच्या संघाचा आहे, आणि त्या रंगामागचा चेहरा बहुतांशी एका खेळाडूचा, महेंद्रसिंह धोनीचा. २०२३ च्या हंगामात रवींद्र जडेजाने सामन्यानंतर हसत बोलून दाखवले की तो वरच्या क्रमांकावर खेळायला आला तर प्रेक्षक तो बाद होण्याची वाट पाहतील, कारण त्यांना धोनीला पाहायचे असते. आपल्याच संघाचा गडी बाद झाल्यावर स्वागताचा गजर व्हावा, ही क्रिकेटमधली नवी गोष्ट आहे. तो प्रेमाचाच गजर आहे, यात शंका नाही. पण प्रेम व्यक्तीवर एवढे केंद्रित झाले की समोर चाललेला खेळ नजरेआड होतो. ज्या जल्लोषाने क्लबच्या टायला मागे टाकले, तोच आता नवा टाय बांधून घेतो आहे का, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

गणवेशाविना टाळ्या

या प्रश्नाचे उत्तर शोधायला चेपॉककडेच यावे लागते. ३१ जानेवारी १९९९ चा दिवस. पाकिस्तानचा संघ बऱ्याच वर्षांनी कसोटी मालिकेसाठी भारतात आला होता. दौऱ्याला विरोध म्हणून दिल्लीच्या कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली गेली होती आणि मुंबईत क्रिकेट मंडळाच्या कार्यालयाची मोडतोड झाली होती. अशा वातावरणात पहिली कसोटी चेपॉकवर झाली.

भारताला विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या. ८२ धावांत पाच गडी बाद झाल्यावर सचिन तेंडुलकरने नयन मोंगियाला साथीला घेऊन डाव उभा केला. पाठीच्या तीव्र वेदना सोसत त्याने १३६ धावा केल्या. विजय १७ धावांवर असताना सकलेन मुश्ताकने त्याला बाद केले आणि उरलेले तीन गडी चार धावांत गेले. पाकिस्तान १२ धावांनी जिंकला.

क्षणभर मैदान सुन्न झाले. मग प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वासिम अक्रमच्या संघाने त्या टाळ्यांच्या साक्षीने मैदानाला फेरी मारली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर तेंडुलकर धावबाद झाल्यानंतर प्रेक्षक खवळले, मैदान रिकामे करावे लागले आणि भारत-पाकिस्तान कसोटीचा शेवट रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. दोन घटनांमध्ये जेमतेम तीन आठवड्यांचे अंतर आहे.

चेपॉकची ती दाद अपघाताने आलेली नव्हती. मे १९९७ मध्ये सईद अन्वरने इथेच भारताविरुद्ध १९४ धावांचा त्या काळचा एकदिवसीय विश्वविक्रम केला, तेव्हाही प्रेक्षकांनी त्याला मानवंदना दिली होती. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचा पाठलाग पूर्ण करणारे नाबाद शतक तेंडुलकरने इथे केले आणि ते मुंबईला अर्पण केले. त्या दिवशी चेन्नईच्या टाळ्यांमध्ये मुंबईचे सांत्वन होते. आणि २३ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकात अफगाणिस्तानने पाकिस्तानला आठ गडी राखून हरवले तेव्हा अफगाण खेळाडूंनी चेपॉकला आभाराची फेरी मारली. तो संघ चेन्नईचा नव्हता, भारताचाही नव्हता.

या सगळ्या प्रसंगांत प्रेक्षकांच्या अंगावर वेगवेगळे कपडे होते : सदरा, वेष्टी, साडी, निळी जर्सी. दाद मात्र कपड्याच्या रंगावर ठरली नाही. समोर जे घडले त्याची गुणवत्ता ओळखून ती दिली गेली. ‘जाणकार प्रेक्षक’ हे बिरूद चेन्नईला मिळाले ते याच कारणाने.

टायपासून शिट्टीपर्यंतचा प्रवास म्हणजे दार उघडत जाण्याचा प्रवास आहे, आणि त्याचे मोल कमी नाही. झाडाखाली जेवणाऱ्या खेळाडूंपासून वेष्टीतल्या न्यायमूर्तींपर्यंत अनेकांनी त्याची किंमत मोजली आहे. गळ्यात गमतीचा टाय असो वा ओठांत पिवळी शिट्टी, जल्लोषाची आवड मिरवायला काहीच हरकत नाही. फक्त प्रतिस्पर्ध्याने अप्रतिम झेल घेतला की त्याच शिट्टीतून तितकाच मोकळा सूर निघावा. १९९९ च्या त्या दुपारी उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांनी हे करून दाखवले आहे.